संगणकाचा तास: आधी भाकीत, मग बटण

संगणकाच्या तासाला मुलं फळ्यावरच्या पायऱ्या बघून बटणं दाबतात, पडद्यावरचं चित्र हलतं, सगळे खूश होतात. पुढच्या आठवड्यात तीच आज्ञावली थोडी बदलून दिली की हात थांबतात. यात मुलांचा दोष नाही. पायऱ्या उतरवताना त्यांना स्वतः काही ठरवावंच लागलं नव्हतं. तास सुधारायचा असेल तर पहिला बदल हा करा: यंत्र काय करणार आहे, ते प्रत्येक मुलाने आज्ञावली चालवण्याआधी वहीत लिहायचं.

तास ४० मिनिटांचा असेल तर पहिली ८ मिनिटं पडदे बंद ठेवा. ६ ते ८ ओळींची आज्ञावली फळ्यावर लिहा किंवा छापून द्या. भाकीत पेनने लिहायचं, खोडायचं नाही. मग चालवून बघायचं आणि जिथे चुकलं तिथे खूण करायची. या चुकांचे गुण कापू नका. गुण कापले की मुलं आधी चालवून बघतात आणि मग 'भाकीत' लिहितात.

हे उदाहरण घ्या:

क = ५
ख = क
क = ७
ख दाखवा

बरीच मुलं ७ लिहितात. गणितात 'ख = क' म्हणजे दोन्ही कायम सारखे, ही सवय त्यामागे असते. इथे मात्र बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'उजवीकडची किंमत डावीकडे ठेव' एवढाच, आणि तोही त्या क्षणापुरता. नुसतं सांगून हे पटत नाही. दोन खोकी आणि कागदाच्या चिठ्ठ्या घ्या. 'ख = क' करताना क मधली चिठ्ठी उचलून ख मध्ये टाकू नका, नाहीतर क रिकामा झाला असा नवाच गैरसमज रुजतो. क मधली चिठ्ठी वाचा, तोच आकडा नव्या चिठ्ठीवर लिहा आणि ती ख मध्ये टाका. 'क = ७' करताना क मधली जुनी चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडा. पुढचा प्रश्न: दोन खोक्यांतल्या किंमतींची अदलाबदल करा. 'क = ख' आणि लगेच 'ख = क' लिहिणाऱ्याला फाटलेली चिठ्ठी दाखवली की तिसरं खोकं का लागतं ते त्याचं त्यालाच कळतं. पायथन ही आज्ञावली लिहिण्याची भाषा शिकवत असाल तर हा धडा आकड्यांवरच घ्या, याद्यांवर (एकाच नावाखाली ठेवलेल्या अनेक किंमती) नको. तिथे दोन नावं एकाच यादीकडे बोट दाखवू शकतात आणि एकीतला बदल दुसरीतही दिसतो.

भाकितानंतरचा क्रम असा: चालवा, तपासा, बदला, आणि मग स्वतःचं लिहा. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला प्रिम म्हणतात. 'तपासा' हा टप्पा बहुतेक वर्गांत गाळला जातो, आणि शिकणं तर तिथेच होतं. प्रश्न नेमके हवेत: तिसरी ओळ काढली तर? दुसरी आणि चौथी ओळ अदलाबदल केली तर? १० च्या जागी ० लिहिलं तर? कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करायला लावू नका. वाचता न येणाऱ्याला निबंध लिहायला सांगण्यासारखं ते आहे. मधली पायरी म्हणून आज्ञावलीच्या ओळी कापून पट्ट्या करा: ५ ते ८ खऱ्या आणि एक-दोन फसव्या. मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. टंकलेखनाचा अडथळा नसल्याने विचार कुठे अडतोय ते लगेच दिसतं.

आज्ञावली बिघडली की शिक्षकाने कीबोर्डला हात लावायचा नाही. हे जड जातं, पण पाळा. तीन प्रश्न विचारा: काय व्हायला हवं होतं? काय झालं? कुठल्या ओळीपर्यंत सगळं बरोबर होतं? अधूनमधून मुद्दाम चूक पेरलेली आज्ञावली द्या, पण एका वेळी एकच चूक. पायथनमध्ये त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवायला १ ते १० ची रेंज (आकड्यांची मालिका) दिली तर १० येत नाही, आवर्तनं ९ च होतात. अशी एका आकड्याने हुकणारी चूक सरावाला उत्तम.

जोडीने काम करताना एकाने टंकायचं, दुसऱ्याने वाचून सांगायचं, आणि दर ७ मिनिटांनी जागा बदलायची. घड्याळ लावाच, नाहीतर वेगवान मूल तासभर कीबोर्ड सोडत नाही. अगदी वेगवान आणि अगदी संथ अशी जोडी शक्यतो टाळा. यंत्रं १० आणि मुलं ३० असतील तर तीन गट करा: एक यंत्रावर, एक पट्ट्यांवर, एक भाकिताच्या वहीवर. १२ मिनिटांच्या तीन फेऱ्या एका तासात बसतात.

यंत्राविना खेळायचे खेळ चांगलेच, पण यंत्राशी जोडले नाहीत तर ते खेळच राहतात. द्विमान संख्यांसाठी (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या) १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पाच कार्डं घ्या. दिसणारं कार्ड म्हणजे १, झाकलेलं म्हणजे ०. त्यांतून ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या दाखवता येते. मोठं कार्ड बघणाऱ्यांच्या डावीकडे हवं, धरणाऱ्यांच्या नव्हे, नाहीतर संख्या उलट वाचली जाते. असं एक कार्ड म्हणजे एक बिट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे अशी आठ कार्डं. आता साध्या मजकुराच्या फाइलीत फक्त 'मराठी' लिहून ती यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची एक पद्धत) जतन करा आणि फाइलीचा आकार किती बाइट ते विचारा. बहुतेक जण ३ म्हणतील, कारण अक्षरं तीन दिसतात. यंत्रासाठी मात्र ती पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणून आकार १५. जास्त आला तर शेवटी एंटर दाबलंय का किंवा 'बीओएम'सह (फाइलीच्या सुरुवातीला पडणारी, साठवण्याची पद्धत सांगणारी खूण) जतन झालंय का ते पाहा. बीओएमचे ३ बाइट वेगळे पडतात.

फोन सराईतपणे वापरणाऱ्या मुलांना फाइल नेमकी कुठे असते हे बरेचदा माहीत नसतं, कारण फोन ते सहसा दाखवत नाही. तीन पातळ्यांचे फोल्डर आणि १२ फाइली तयार करायला सांगा, प्रोग्रॅम बंद करा आणि 'अलीकडील' यादी न उघडता फाइल शोधायला लावा. नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की फाइली आपोआप काळानुसार लागतात.

माहितीची पारख शिकवताना 'संकेतस्थळ नीटनेटकं आहे का, शुद्धलेखन बरं आहे का' ही जुनी यादी सोडून द्या. खोटं पानही देखणं असू शकतं. सराईत तथ्य-तपासनीस त्या पानावर रेंगाळत नाहीत. ते नवीन टॅब उघडून हे पान कोणाचं आणि त्याविषयी इतर काय म्हणतात ते पाहतात. वर्गात १० मिनिटं द्या: एक दावा, तीन टॅब, शेवटी दोन वाक्यांचा निष्कर्ष. छायाचित्र असेल तर उलट शोध (चित्रच टाकून ते आधी कुठे आलंय ते शोधणं) घ्यायला लावा. चित्र खरं, पण प्रसंग जुना, असा प्रकार वारंवार सापडतो. एआयच्या उत्तरांनाही हाच नियम. शिक्षकाने एक उत्तर छापून आणावं आणि मुलांनी प्रत्येक नाव व सन यांपुढे 'खरं', 'खोटं' किंवा 'तपासता येत नाही' असं लिहावं. उत्तर सफाईदार असलं म्हणजे बरोबर असतंच असं नाही, हे त्या तिसऱ्या शेऱ्यातून फार स्पष्ट कळतं.

पासवर्डच्या धड्यात मुलं हमखास स्वतःचा खरा पासवर्ड वहीत लिहितात. म्हणून काल्पनिक पात्रासाठीच पासवर्ड बनवून घ्या: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द.

मूल्यमापनात मेनूंची नावं विचारू नका. मुलाने स्वतःच्या आज्ञावलीतली एक ओळ समोर बदलावी, आधी परिणाम सांगावा, मग चालवावी. प्रत्येकी ३ मिनिटं पुरतात. ३० मुलांना दीड तास लागतो, म्हणून दर तासाला ६ मुलं घ्या, पाच तासांत वर्ग पूर्ण होतो.

आदल्या दिवशी सगळा धडा विद्यार्थ्याच्या खात्यातून करून बघा, शिक्षकाच्या नव्हे. अडलेल्या परवानग्या आणि न चालणारा मराठी कीबोर्ड तिथेच सापडतो. इंटरनेट गेलं तर हाताशी असावी म्हणून स्क्रॅचची (ठोकळे जोडून आज्ञावली बनवायचं साधन) ऑफलाइन आवृत्ती प्रत्येक यंत्रावर आधीच बसवून ठेवा.