शिष्यवृत्तीचा अर्ज भरताय? नोकरदार बायकांनो, निदान या चुका तरी करू नका

ऑगस्ट उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. चीव्हनिंगचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीचे, अर्ज सुरू झालेले असतात आणि कुणाच्या तरी मावसबहिणीला, कुणाच्या तरी ऑफिसातल्या मैत्रिणीला माझा नंबर मिळालेला असतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, तुम्ही भरलेला फॉर्म पाठवता का? फक्त फॉरमॅट बघायचाय." नाही पाठवत. फॉरमॅट बघायला मागणारी फॉरमॅट बघत नाही, निबंध उचलते. दोघींनी तो उचलून दाखवलाय, एकीने तर माझ्या गावाच्या नावासकट.

रविवारी सकाळी मी हे अर्ज बघते. पैसे घेत नाही, म्हणून बोलायची मुभा घेते. या बायका हुशारीत कमी पडून मागे राहतात असं मला फार थोड्या वेळा दिसलं. रात्री अकराला, मुलं झोपल्यावर, डोळे मिटत असताना अर्ज भरतात आणि अर्ज म्हणजे तो फॉर्मच अशी समजूत असते. फॉर्म हे शेवटचं काम आहे. खरं काम त्याच्या सहा महिने आधीचं, आणि तिथेच गाडी अडते.

नाव एक नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, खाली आईचं. पदवीवर तेच. मग लग्न होतं. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, सगळे हसतात, उखाणा होतो. ते नाव पुढे आधारवर जातं. पॅनवर जुनं नाव आणि नवं आडनाव. बँकेत तिसरंच काहीतरी, कारण त्या दिवशी काउंटरवर घाई होती.

नगर जिल्ह्यातली एक परिचारिका माझ्याकडे यायची. कामात वाघीण. एका परदेशी शिष्यवृत्तीसाठी तिची निवड झाली, पेढे वाटून झाले. विद्यापीठाचं बिनशर्त प्रवेशपत्र जुलैपर्यंत हातात हवं होतं. विद्यापीठाकडे गेलेली पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. त्यांनी सरळ विचारलं, या दोन बायका एकच आहेत कशावरून? विवाह प्रमाणपत्र द्या. तर लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती! अकरा वर्षं झाली होती लग्नाला. पत्रिका होती, अल्बम होता, आहेराची वही होती.

मग धावपळ. विवाह नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचीही. साक्षीदार मिळाले. गुरुजी मुलाकडे नाशिकला राहायला गेलेले. त्यांना शोधून, ते एका वास्तुशांतीला बसलेले असताना बाहेर थांबून, सही आणली. तोवर जून संपला. मग कळलं की पहिलं नावच बदललंय, तेव्हा नुसत्या विवाह प्रमाणपत्रावर भागणार नाही, राजपत्रात नावबदल छापून यायला हवा. तो अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो, पण छापून यायला वेळ जातोच. राजपत्राची प्रत आली तेव्हा मुदत उलटून नऊ दिवस झाले होते. शिष्यवृत्ती गेली. पुढच्या वर्षी तिने परत अर्ज केला, तेव्हा मुलाखतीलाच बोलावलं नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. पहिल्या भेटीत निबंध बघतच नाही. सगळी मूळ कागदपत्रं माझ्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडायची: दहावी, बारावी, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, नोकरीचं नियुक्तिपत्र. एकेकावरचं नाव मोठ्याने वाचायचं. स्पेलिंगसकट, कारण एकीकडे 'डब्ल्यू' आणि दुसरीकडे 'व्ही' असतोच. पासपोर्टवरचं नाव प्रमाण मानायचं आणि अर्जात तेच, तस्संच लिहायचं. उरलेल्या कागदांची सांगड घालणारा पुरावा आत्ताच तयार ठेवायचा. "निवड झाल्यावर बघू" म्हणणारीला मी त्या परिचारिकेची गोष्ट सांगते आणि चहा देऊन परत पाठवते.

साहेबांना न सांगता

फुलब्राइट-नेहरू मास्टर्ससाठी (ही अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती) किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव मागतात, ते बहुतेकींना ठाऊक असतं. नोकरीत असाल तर कार्यालयाची संमतीही अर्जासोबत लागते आणि त्या काळात रजा मिळेल असं तिथे लिहून द्यावं लागतं, हे मात्र शेवटच्या आठवड्यात उमगतं. मग ऑफिसात दबक्या आवाजात फेऱ्या. सरकारी नोकरीत अध्ययन रजा नावाची सोय असते. केंद्राच्या नियमांत सगळ्या सेवेत मिळून साधारण २४ महिन्यांपर्यंत, आणि ५ वर्षांची सेवा झालेली हवी. परत आल्यावर ठरावीक काळ नोकरी करण्याचा करारही करावा लागतो. ही फाइल चार टेबलं फिरते. तुमच्या गोड बोलण्याने ती वेगाने फिरेल, या भ्रमात राहू नका.

आणि हो, बी.कॉम., बी.ए. वाल्या बायकांनो, तुमची पदवी तीन वर्षांची. या फुलब्राइटला अमेरिकेतल्या बॅचलर्सच्या तोडीची पदवी लागते, म्हणजे चार वर्षांची, किंवा तीन वर्षांच्या पुढे पदव्युत्तर पदवी नाहीतर पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका. हे पात्रतेच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पान न वाचता तीन महिने निबंध घासणाऱ्या निदान चौघी मला भेटल्यात.

"आम्ही" नावाचा आजार

ही माझी दुसरी नावडती चूक. ही कागदपत्रांची नाही, वळणाची आहे, म्हणून काढायला जास्त त्रास होतो.

चीव्हनिंगमध्ये नेतृत्वावर लिहायला सांगतात. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातल्या एका अभियंतीने मला मसुदा आणून दिला. पहिलं वाक्य असं होतं, इंग्रजीत, पण आत्मा अस्सल सरकारी मराठी: "वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली आणि सहकाऱ्यांच्या सहकार्याने टंचाईच्या काळात पाणीपुरवठ्याचे काम यशस्वीरीत्या पार पाडण्यात आले."

मी विचारलं, कुणी पार पाडलं?

"आम्ही सगळ्यांनी, मॅडम."

टँकर कुठल्या वाडीत आधी जाणार, हे कुणी ठरवलं?

जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मीच. आधी टँकर सरपंचांच्या दारातल्या टाकीत रिकामा व्हायचा. खालच्या वस्तीच्या बायका तिथून हंडे वाहायच्या, नाहीतर त्यांना मिळायचंच नाही. मी यादी केली. घरं किती, माणसं किती, जनावरं किती. टँकर शाळेजवळच्या विहिरीत सोडायला लावला. सरपंच चिडले, साहेबांकडे तक्रार गेली. पहिले चार दिवस मी स्वतः सकाळी सहाला तिथे उभी राहिले."

अगं, मग हे लिही ना! हेच तर मागतायत ते. ती म्हणाली, "पण ते मी मी केल्यासारखं वाटेल." इथे माझं डोकं फिरतं. भावकीत मोठेपणा मिरवू नये ही शिकवण चांगली आहे, ती हळदीकुंकवाला जपा. अर्ज वाचणाऱ्याला तुमचे वरिष्ठ कोण हे जाणून घ्यायचं नसतं, ते अर्ज करत नसतात. तुमच्याजागी दुसरी कुणी असती तर काय झालं नसतं, एवढंच त्याला बघायचं असतं.

यावर माझा उपाय अगदी घरगुती. आधी इंग्रजीत लिहूच नका. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि मैत्रिणीला सांगतो तसं मराठीत, आपल्या बोलीत, तो प्रसंग सांगा. मग ऐका. जिथे आवाज चढला, तिथे गोष्ट आहे. तेवढंच उतरवा आणि मग इंग्रजी करा. त्या अभियंतीच्या अंतिम निबंधात सहा वाजता विहिरीवर उभं राहणं होतं, जनावरांची मोजणी होती, साहेबांकडे गेलेली तक्रार होती. 'मार्गदर्शनाखाली' कुठेच नव्हतं. तिला मिळाली.

मशीनकडून निबंध लिहून घेणाऱ्यांबद्दल एकच सांगते. सगळे "लहानपणापासूनच मला" असे सुरू होतात. मी तिसऱ्या ओळीला ओळखते, मग रोज असे गठ्ठे वाचणारा किती वेळ घेईल?

कर्जाला बक्षीस समजणं

'स्कॉलरशिप' शब्द दिसला की पुढचा शब्द डोळ्याआड होतो. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, मानाची आहे. सुरुवातीच्या लाभार्थींत आपल्या कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या, हे मी प्रत्येकीला सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनची बिनव्याजी आहे, तीही फेडायचीच. घ्या, अवश्य घ्या, पण घराच्या हप्त्याशेजारी हा हप्ता मांडून बघा आणि नवऱ्याला आधी सांगा, पत्र आल्यावर नको.

उलटं, उत्पन्नाची अट असलेल्या योजनांत घोटाळा वेगळा. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि वय ३५ च्या आत. 'माझा पगार तर कमी आहे' हा हिशेब तिथे चालत नाही, कुटुंब म्हटलं की कुटुंब. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर अशा घरांतल्या मुलींनी ही योजना नीट वाचावी, ३० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये तिथली रांग बघितली नसेल तर एकदा बघून या.

शिफारसपत्र

मोठ्या माणसाचं नको, ओळखीच्या माणसाचं घ्या. आमदारांच्या लेटरहेडवर "सदर महिला माझ्या परिचयाची असून" हे वाचून कुणाचंही भलं झालेलं नाही. फुलब्राइटला तीन पत्रं लागतात, चीव्हनिंगला दोन. तीन आठवडे आधी सांगा आणि सांगताना एका कागदावर आपण त्यांच्या हाताखाली केलेली तीन कामं लिहून द्या. साहेब म्हणाले "तूच लिहून आण, मी सही करतो," तर दुसरा माणूस शोधा. मला माहीत आहे, तुम्ही शोधणार नाही.

बाकीच्या, एकेका ओळीत

मध्ये घरी होतात तर लपवू नका. बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, जे असेल ते एका वाक्यात लिहा आणि पुढे जा. विज्ञानाकडच्या बायकांसाठी तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या योजनाच खंड पडलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून आखलेल्या आहेत. पेटंटच्या कामाचं वर्षभराचं प्रशिक्षण आपल्या पुण्यातही होत आलंय.

चीव्हनिंगला २८०० तासांचा अनुभव लागतो. अर्धवेळ नोकरी धरतात, स्वयंसेवी काम धरतात, दोन-तीन ठिकाणचं मिळूनही चालतं. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग म्हणून केलेली इंटर्नशिप धरत नाहीत. तास मोजायच्या आधीच 'मी बसत नाही' म्हणू नका.

वय उलटलं म्हणून सोडून देऊ नका. चीव्हनिंगला वयाची अटच नाही.

प्रमाणपत्रांचा हार घालू नका. गोल्डमन सॅक्सच्या 'टेन थाउजंड विमेन'चे वर्ग ऑनलाइन फुकट आहेत, छोटा धंदा सांभाळणारीने जरूर करावेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन व्यासपीठावरचेही चांगले आहेत. पण चौदा कोर्स करून एकही कामात न वापरलेली बाई मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडकते. एक करा, ऑफिसात वापरा, त्याबद्दल बोला.

चीव्हनिंग किंवा फुलब्राइटच्या अर्जाला फी नाही. "नोंदणी करून देतो" म्हणून हजारो रुपये घेणाऱ्याला ते पैसे कशाचे, हे तोंडावर विचारा.

परत यायची अट वाचा. चीव्हनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी राहायचं असतं, फुलब्राइटच्या व्हिसालाही तसंच बंधन आहे. "तिकडेच नोकरी बघू" हा बेत असेल तर दुसरं दार बघा.

आणि शेवटचा दिवस. गेली काही वर्षं चीव्हनिंगची मुदत संपते ती रात्री बाराला नाही, ग्रीनिचच्या वेळेला धरून भर दुपारी बाराला. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, तुम्ही अजून ऑफिसात असता तेव्हा. मागच्या खेपेला एकीचा फोन आला रात्री पावणेदहाला. स्वयंपाक उरकला होता, मुलीचा अभ्यास घेऊन झाला होता, लॅपटॉप उघडून बसली होती. "ताई, पान उघडतच नाहीये हो, नेट गेलंय का बघता का तुमच्याकडचं?"

नेट चालू होतं.