अशक्त बदकपिल्लाचे पहिले तीन दिवस

कोकणातील घरांत बदकाची अंडी पुष्कळदा खुडूक कोंबडीखालीच उबवली जातात, कारण खाकी कॅम्पबेल किंवा इंडियन रनर या जातींच्या माद्या अंडी भरपूर घालत असल्या तरी त्यांवर नेटाने बसत नाहीत. अशक्त पिल्लाची गोष्ट बहुधा इथूनच सुरू होते. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाला २८ दिवस लागतात आणि मस्कव्ही जातीला तर सुमारे ३५. दोन्ही प्रकारची अंडी एकाच दिवशी खाली ठेवली, तर कोंबडी आपली पिल्ले घेऊन अंगणात उतरते आणि बदकाच्या अंड्यांची ऊब आठवडा शिल्लक असतानाच तुटते. केवळ बदकाचीच अंडी ठेवली असली, तरी सर्वांत शेवटी फुटणाऱ्या अंड्याच्या वाट्याला हेच येते. आधीची पिल्ले चालू लागलेली असतात, आई उठलेली असते आणि मागे राहिलेले ओले, गारठलेले पिल्लू गवतात मान टाकून पडलेले सापडते. अशा पिल्लासाठी काय करावे आणि काय करू नये, ते मी येथे लिहीत आहे.

पिल्लू अजून अंड्यातच अडकलेले दिसत असेल, तर प्रथम हात मागे घ्यावा. कवचाला पहिला टवका पडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास सहज जातात, आणि या काळात ते स्वस्थ पडलेले दिसले तरी आत महत्त्वाचे काम चालू असते: कवचाखालील पडद्यातील रक्तवाहिन्या आटत असतात आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. हे पुरे होण्याआधी कवच सोलले, तर रक्तस्राव होतो किंवा बलकाची पिशवी बाहेर राहते. सुरुवातीच्या काळात मी घाईने एक पिल्लू असेच सोडवले होते आणि ते संध्याकाळपर्यंतही जगले नाही. म्हणून हे वाक्य मी सर्वांत आधी लिहिले. टवका पडून पूर्ण दिवस उलटून गेला आहे, आतला पडदा कागदासारखा कोरडा होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटला आहे आणि त्याची हालचाल मंदावत आहे, एवढे सर्व दिसले तरच कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने तो पडदा ओला करावा आणि चोचीभोवतीचे कवच नखाएवढ्या तुकड्यांनी काढावे. लाल रेघ दिसली की थांबावे, अंडे ओलसर उबदार फडक्यावर ठेवावे आणि काही तास वाट पाहावी. नाकपुड्यांत मात्र पाणी जाऊ देऊ नये.

बाहेर आलेल्या पिल्लाची बेंबी पाहावी. ती बंद आणि कोरडी असेल तर काहीच करायचे नसते. थोडी उघडी किंवा ओली असेल, तर पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचा एक थेंब कापसाने टेकवावा आणि पिल्लाला स्वच्छ, ओलसर, सुती कापडावर ठेवावे. बलकाचा लहानसा भाग बाहेर दिसत असेल तर तो बोटाने आत ढकलू नये आणि लोंबणारी दोरी ओढू नये किंवा कापू नये. ती वाळून आपोआप गळते. बेंबीभोवती सूज, काळसरपणा आणि दुर्गंधी आली, तर तो संसर्ग असतो आणि घरगुती उपायांच्या बाहेर असतो.

यानंतरचा क्रम कधीही बदलू नये: आधी ऊब, मग पाणी, मग खाद्य. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात घातलेले अन्न पचत नाही, आणि ज्याला मान सावरता येत नाही अशा पिल्लाच्या चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत उतरते. पाय आणि चोचीचे टोक गार लागत असेल, तर पिल्लाला दोन्ही तळव्यांत धरावे किंवा मऊ कापडात सैल गुंडाळून अंगाजवळ ठेवावे आणि अर्ध्याएक तासात हळूहळू ऊब द्यावी. ओले असल्यास फडक्याने टिपावे, चोळू नये. चुलीशेजारी ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. परंतु पक्ष्यांच्या श्वसनसंस्थेला धूर फार बाधतो, म्हणून धुराचा कोपरा टाळावा.

ऊब टिकवण्यासाठी पुठ्ठ्याचे उंच खोके पुरते. त्याच्या एका टोकाला ६० वॉटचा तारेचा जुना बल्ब टांगावा. एलईडी दिवा उजेड देतो, पण पिल्लाला उपयोगी पडेल इतकी उष्णता देत नाही, आणि नेमकी हीच चूक आता सर्रास होते. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून पहिल्या काही तासांत ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, नंतर पहिला आठवडाभर ३२ ते ३३ अंश तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवावे. थर्मामीटर नसेल तर पिल्लाकडेच पाहावे: ते दिव्याखाली आक्रसून सतत चिवचिवत असेल तर त्याला थंडी वाजते आहे, दूरच्या कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकत असेल तर उकडते आहे, आणि पाय पसरून शांत झोपले असेल तर सर्व ठीक आहे. म्हणूनच दिवा खोक्याच्या मध्यभागी नसावा. पिल्लाला त्यापासून दूर जाता आले पाहिजे. बल्ब सुतळीने न बांधता तारेने पक्का टांगावा, कारण तो गळून तुसावर पडला तर आग लागते. जून-जुलैत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवण्याची तयारी आधीच करून ठेवावी आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, तिच्यातील पाणी बदलावे.

खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्र मुळीच घालू नये. त्यावर पाय घसरतात, आणि अशक्त पिल्लाचे पाय दोन दिवसांत दोन बाजूंना फाकून बसतात. सुरुवातीला खडबडीत टॉवेल किंवा धुतलेले गोणपाट घालावे. पिल्लू नीट खाऊ लागले, म्हणजे भाताचे तूस चालते, त्याआधी ते खाद्य समजून तूसच गिळते. पाय फाकलेच, तर चिकटपट्टीच्या अरुंद पट्टीने दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर, म्हणजे साधारण अंगाच्या रुंदीइतके, सैलसर जोडावेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे केले तर हाडे कोवळी असल्यामुळे पाय बहुधा तेवढ्याच काळात सुधारतात. पट्टी बांधलेल्या पिल्लाजवळ आपण नसताना पाण्याचे भांडे ठेवू नये, कारण पडले तर त्याला उठता येत नाही.

पिल्लू उबदार झाले आणि मान उचलू लागले, की पाणी द्यावे. वाटीभर कोमट पाण्यात एक लहान चमचा साखर विरघळवून त्या पाण्याचा एक थेंब चोचीच्या कडेला, बाहेरून, टेकवावा. पिल्लू तो स्वतः आत ओढते. ड्रॉपर घशात घालू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. दर पंधरा-वीस मिनिटांनी असे काही थेंब दिले तरी पुरे होते. साखरेचे पाणी केवळ पहिल्या काही तासांसाठी आहे. पुढे साधे पाणीच द्यावे. पिल्लू खात नाही म्हणून पहिल्या दिवशी घाबरण्याचेही कारण नाही, कारण पोटात ओढलेला बलक त्याला दोन दिवस पुरतो आणि त्या काळात वजन किंचित उतरतेही. साधारण ७० ग्रॅमच्या अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू ४० ते ४५ ग्रॅमचे असते. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज सकाळी त्याचे वजन करावे, आणि तिसऱ्या दिवसापासून ते वाढत नसेल तर काळजी करावी.

पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल, पण पिल्लू आत बसू शकणार नाही असे असावे. बदक नाकपुड्या आणि डोळे पाण्यात बुडवूनच स्वच्छ करते. ते न जमल्यास डोळे चिकटतात. उथळ वाटीत स्वच्छ गोटे घालून ठेवणे हा साधा उपाय आहे. मात्र बदक आहे म्हणून त्याला टबात सोडण्याचा मोह टाळावा. आईच्या पिसांतील तेल पिल्लाच्या लवेला लागलेले असते म्हणूनच तिच्यामागे ते सुखाने पोहते. कोंबडीखाली किंवा खोक्यात वाढणाऱ्या पिल्लाला ते मिळत नाही, त्याची लव भिजते आणि काही मिनिटांत ते पुन्हा गारठते.

खाद्याच्या बाबतीत आपल्याकडे एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: कोंबडीच्या पिल्लांसाठी ठेवलेली तांदळाची कणी किंवा मक्याचा भरडा बदकाच्या पिल्लालाही देणे. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच अधिक लागते, आणि मक्यातील नायसिन अशा बांधलेल्या रूपात असते की ते शरीराला फारसे मिळत नाही. त्यामुळे आठ-दहा दिवसांत पिल्लाचे गुडघे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि ते चालण्याऐवजी बसून सरपटू लागते. हे टाळण्यासाठी पिल्लांचे स्टार्टर खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्यावे आणि एका वाटीला एक मोठा चमचा ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे नायसिन असलेली यीस्टची भुकटी, मिसळावे. ते न मिळाल्यास पशुवैद्यकीय दुकानातील ब-कॉम्प्लेक्सचे द्रावण लेबलवरील प्रमाणात पाण्यातून द्यावे. खाद्य घेताना त्यात कोणते औषध मिसळले आहे, ते बदकांना चालते का, हे दुकानदाराऐवजी पशुवैद्यकांना विचारावे. पहिल्या दिवसांत उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक चिमूटभर दिलेला चांगला. दूध आणि पाव देऊ नये. कोरडे पीठ पाण्यावाचून ठेवले तर ते घशात अडकते, म्हणून खाद्य असेल तेथे पाणी असलेच पाहिजे.

शेंगदाण्याची पेंड आणि बुरसटलेला मका यांविषयी मी अधिक कडकपणे लिहितो. बुरशीतून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिल्ले विलक्षण संवेदनशील असतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून अधिक पिल्ले एका अनोळखी रोगाने दगावली, त्याच सुमारास बदकांचीही पिल्ले मेली, आणि शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील हे विष सापडले. पुढे अनेक वर्षे खाद्यातील विष तपासण्यासाठी बदकाची पिल्लेच वापरली गेली. पावसाळ्यात आपल्या पडवीतील पोत्यात ओल शिरायला वेळ लागत नाही. वास कुबट येत असेल, तर ते खाद्य वाळवून वापरता येत नाही, कारण उन्हाने बुरशी सुकली तरी विष तसेच राहते. ते पुरून टाकावे.

एकटे पिल्लू सतत ओरडते आणि त्यात त्याची शक्ती जाते. सशक्त पिल्लांत ते तुडवले जाते, म्हणून पूर्ण मिसळू नये. खोक्यात जाळी लावून एखादे शांत भावंड पलीकडे ठेवावे. तेही नसेल तर छोटा आरसा आणि मऊ कापडाची गुंडाळी यांनी ते बरेच स्थिरावते.

मान सतत पाठीकडे वळणे, श्वास घेताना घरघर, तिसऱ्या दिवशीही न खाणे, किंवा एकाच वेळी दोन-तीन पिल्ले मान मागे टाकून झटके देत मरणे, यांपैकी काहीही दिसले तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. शेवटचे लक्षण बदकांच्या विषाणूजन्य यकृतदाहाचे असू शकते, आणि मग इतर पिल्ले वेगळी करणे, हात धुणे आणि मेलेली पिल्ले उघड्यावर न टाकता खोल पुरणे आवश्यक ठरते.

पिल्लू चार पावले न अडखळता चालू लागले, स्वतःहून खाऊ-पिऊ लागले आणि वजन सलग दोन दिवस वाढले, की त्याला आईकडे परत न्यावे. हे दिवसा करू नये. अंधार पडल्यावर, कोंबडी डालग्याखाली पिल्ले घेऊन बसली असताना, एका हाताने तिच्या पंखाची कड उचलून पिल्लू आत सरकवावे आणि थोडा वेळ शेजारी थांबावे. पहाटे उजाडण्यापूर्वी पुन्हा जाऊन पाहावे. कोंबडी त्याला टोचू लागली असेल तर लगेच उचलावे, आणि इतरांबरोबर पंखाखालून डोके बाहेर काढून बसले असेल तर खोक्यातील दिवा बंद करावा.