बेंचमार्क टूलची कमांड लाइन: पुढे वाढवायची असेल तर या चुका टाळा

बेंचमार्क टूलची, म्हणजे प्रोग्राम किती वेगाने चालतो ते मोजणाऱ्या टूलची, पहिली आवृत्ती चटकन लिहून होते: कमांड घ्यायची, काही वेळा चालवायची, सरासरी छापायची. कस लागतो तो लोकांनी त्यावर आपल्या स्क्रिप्ट उभ्या केल्यावर. तेव्हापासून प्रत्येक फ्लॅग, म्हणजे कमांडसोबत लिहायचा पर्याय, हा आपण दिलेला शब्द असतो, आणि नवा फ्लॅग घालताना जुना शब्द मोडत नाही ना, हे पाहावं लागतं.

सगळ्यात महाग पडते ती टूलचे फ्लॅग आणि मोजायच्या प्रोग्रामचे फ्लॅग यांची सरमिसळ. कुणी आपल्या प्रोग्रामला ‘व्हर्बोज’ देतो आणि तो टूलच गिळतं. आज असं होत नसेल, तरी उद्या तुम्ही त्याच नावाचा फ्लॅग आणलात की होईल. यावर पॉझिक्सचा (युनिक्स-प्रणालींच्या मानकाचा) जुना संकेत आहे: दोन डॅश एकटे आले की पर्याय संपले, पुढचं सगळं जसंच्या तसं प्रोग्रामचं. पहिल्याच आवृत्तीत हे सक्तीचं करा. आणखी एक फायदा म्हणजे कमांड शेलशिवाय (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामशिवाय) थेट चालवता येते. हायपरफाइन हे बेंचमार्क टूल मोजायची कमांड एका स्ट्रिंगमध्ये घेतं आणि वेगळं सांगितलं नाही तर शेलमधून चालवतं; म्हणून त्याला शेल सुरू होण्याचा वेळ आधी मोजून वजा करावा लागतो.

दुसरी चूक दिसतही नाही. पायथनचं आर्गपार्स, म्हणजे फ्लॅग वाचणारी लायब्ररी, लांब फ्लॅगची अर्धवट नावंही स्वीकारतं. ‘वॉर्मअप’साठी कुणी स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘वॉर्म’ लिहिलं, तर चालून जातं. मग तुम्ही ‘वॉर्म-कॅश’ आणता आणि ती स्क्रिप्ट ‘संदिग्ध पर्याय’ म्हणून थांबते. ही सोय बंद करण्याचा पर्याय पायथन ३.५ पासून आहे. तो वापरा.

निकालाच्या प्रत्येक फॉरमॅटला वेगळा फ्लॅग देऊ नका. जेसन आणि सीएसव्ही दोन्ही दिले तर काय करायचं? ‘फॉरमॅट’ हा एकच पर्याय ठेवा, फॉरमॅटचं नाव ही त्याची किंमत. सबकमांडसाठी (टूलच्या नावापुढे लिहायच्या उपकमांडसाठी) गिट आणि रस्टच्या कार्गोची रीत मला फार आवडते: ठरलेल्या उपसर्गाचा प्रोग्राम पाथमध्ये (प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत) सापडला की तो सबकमांड होतो, मग तो कुठल्याही भाषेतला असो. फक्त, आतल्या सबकमांडला आधी मान असेल तर पुढे त्याच नावाची आतली कमांड आणताना दुसऱ्याचं एक्स्टेंशन गुपचूप झाकलं जाईल. अशा वेळी निदान इशारा छापा.

‘जेसन वाचता येत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी प्रोग्रेस बार कुठे छापला जातोय ते बघा. मी स्वतः यात एक अख्खा दिवस घालवला आहे. निकाल स्टँडर्ड आउटपुटवर, बाकी सगळं स्टँडर्ड एररवर, म्हणजे संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर. बार तर समोर टर्मिनल असेल तरच. जेसनमध्ये प्रत्येक फेरीचा आकडा द्या, एकक फील्डच्या नावातच लिहा.

मोजल्या जाणाऱ्या प्रोग्रामचं आउटपुट टर्मिनलवर सोडलंत, तर टर्मिनलचा वेगही मोजला जातो. आलेलं सगळं टाकून देणाऱ्या नल डिव्हाइसकडे वळवलंत तरी सावध राहा: आउटपुट तिकडे जातंय हे ओळखून ग्नू ग्रेप हे मजकूर शोधणारं टूल पहिली जुळणी सापडताच थांबतं! म्हणून नल, पाइप की फाइल, हे वापरणाऱ्याला निवडू द्या.

आणि नवी आवृत्ती एकाएकी पन्नासपट वेगवान दिसली, तर पेढे वाटण्याआधी एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे सगळं ठीक) तपासा. बहुतेकदा प्रोग्राम सुरू होताच कोसळत असतो. शेलमधून १२७ आला, तर कमांड सापडलेलीच नाही. शून्याखेरीज काहीही आलं की टूलने एरवी थांबायचं. दुर्लक्ष करायचं असेल तर वापरणाऱ्याने तसा फ्लॅग द्यावा. ‘वेग घटला’ आणि ‘मोजणीच झाली नाही’ यांना टूलचे एक्झिट कोडही वेगळे ठेवा, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या तपासणीला दोन्हींतला फरक कळेल.