एजंटला आधी नकाशा द्या

एआय एजंटला (स्वतः साइटची पानं उघडून काम करणाऱ्या एआयला) नुसता साइटचा पत्ता देऊन 'परताव्याचे नियम शोध' म्हटलं, की तो होमपेजपासून भटकत सुटतो. माझा एकदा 'आमच्याविषयी' आणि जुन्या ब्लॉगमध्येच घुटमळत बसला; टोकन (एआयच्या वापराचं मोजमाप) संपले, उत्तर नाही ते नाहीच.

आता आधी पानांची यादी काढतो.

१. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' (अर्थात इंग्रजी अक्षरांत) ही फाइल उघडा; आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमनी कुठे जावं, कुठे नाही ते तिथे लिहिलेलं असतं. त्यात बहुतेकदा 'साइटमॅप' (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी) या शब्दापुढे एक लिंक असते.

२. ती लिंक उघडा. मोठ्या साइटवर आत आणखी साइटमॅप निघतात, कारण एका फाइलला ५०,००० पत्त्यांची मर्यादा आहे. 'प्रॉडक्ट', 'पेज', 'पोस्ट' अशा नावांवरून हवा तो उचला.

३. पत्ते स्प्रेडशीटमध्ये चिकटवून 'रिटर्न', 'रिफंड', 'पॉलिसी' असे फिल्टर लावा. दहाबारा उरले की पुरे.

४. तेवढेच एजंटला द्या आणि स्पष्ट लिहा: 'या यादीबाहेर जाऊ नकोस. उत्तर सापडलं नाही तर तसं सांग.' हे दुसरं वाक्य गाळू नका, नाहीतर तो मनचं ठोकून देतो.

साइटमॅपच नसेल, तर फायरक्रॉलसारख्या टूलमधली 'मॅप' सोय पत्ते गोळा करून देते.

एक जपा: साइटमॅप कधीकधी शिळा असतो आणि लॉगिनमागची पानं त्यात सहसा नसतात. शिवाय रोबोट्सच्या फाइलमध्ये 'डिसअलाउ' (म्हणजे मनाई) लिहिलेले पत्ते यादीतून काढूनच टाका.