ऑर, नॉर, ईदर, वेदर: पर्याय सांगताना इंग्रजीत नेमकं काय वापरायचं

पर्याय सांगायचा म्हटलं की आपण सरळ ऑर टाकून मोकळे होतो आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं, खरी गडबड होते ती वाक्य नकारार्थी झालं की. म्हणून शब्द निवडायच्या आधी वाक्यात नॉट आहे का ते बघा, अर्धं काम तिथंच होतं.

आपण म्हणतो 'मला गाता आणि नाचता येत नाही', आणि त्याच ओघात इंग्रजीत 'आय कान्ट सिंग अँड डान्स' येऊन जातं. यात ऐकणाऱ्याला वाटू शकतं की दोन्ही एकाच वेळी जमत नाही, वेगवेगळं जमत असेल. दोन्ही येत नाही असं सांगायचंय ना, मग 'आय कान्ट सिंग ऑर डान्स' म्हणा. ही चूक खूप चांगलं इंग्रजी बोलणारेही करतात, त्यामुळे आधी हीच सुधारा.

नीदर-नॉरमध्ये नकार आधीच आलेला असतो, परत नॉट नको. 'ही नीदर कॉल्ड नॉर रोट', बस. पण पहिल्या वाक्यात नॉट येऊन गेलंय आणि दुसरं वाक्य नॉरने सुरू करताय, तर क्रियापद प्रश्नासारखं पुढे येतं: 'ही डिडन्ट कॉल, नॉर डिड ही राइट'. बोलताना हे कमीच ऐकू येतं, लिहिताना मात्र छान दिसतं.

ईदर-ऑर दोन पर्यायांसाठी ठेवा, तीन-चार असतील तर नुसतं ऑर बरं. लिहिताना ईदर आणि ऑर, दोन्हीच्या पुढे एकाच जातीची गोष्ट हवी: 'टेक ईदर अ बस ऑर अ ट्रेन'. आणि क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं, म्हणून एक एकवचनी आणि एक अनेकवचनी असेल तर अनेकवचनी शेवटी ठेवा, 'ईदर माय ब्रदर ऑर माय सिस्टर्स आर कमिंग', कानाला खटकत नाही.

करू की नको अशा घोळात वेदर. 'आय डोन्ट नो वेदर टू स्टे ऑर लीव्ह', इथे पुढे टू असल्यामुळे इफ चालतच नाही.

राहिलं 'नाहीतर'. 'हरी अप, ऑर यू विल मिस द ट्रेन' एकदम ठीक. अदरवाइज वापरायचं असेल तर ते इथे क्रियाविशेषण आहे, त्यामुळे लिहिताना त्याच्या आधी स्वल्पविराम पुरत नाही, पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या.