नव्या रिव्हॉल्व्हरची पहिली पाहणी आणि टिकाऊपणाची पारख कशी करावी

परवान्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्यावर नवे हत्यार हातात आले, की कुठल्यातरी माळावर जाऊन एक तरी फैर झाडून पाहावी असे जवळपास प्रत्येकाला वाटते. ही इच्छा आवरावी. इतरांचा जीव धोक्यात येईल अशा बेपर्वाईने किंवा लग्न-वरातीच्या आनंदात गोळी झाडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. शिवाय अशा एका फैरीतून हत्याराविषयी काहीही कळत नाही.

मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने कोल्ट पिस्तूल स्वीकारण्यापूर्वी एकाच पिस्तुलातून ६,००० फैरी झाडल्या होत्या, आणि ते तापले की पाण्यात बुडवून गार केले होते. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या परवानाधारकाला अशी चाचणी शक्य नाही, कारण काडतुसांची संख्या परवान्यावर बांधलेली असते आणि ती महागही पडतात. म्हणून आपल्याकडे टिकाऊपणा पारखायचा तो मोजमापाने, नोंदवहीने आणि पावसाळ्याने. पुढील सूचना .३२ बोअरच्या सहा फैरींच्या रिव्हॉल्व्हरसाठी आहेत. कानपूरच्या कारखान्यातून २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ मधोमध मोडून, म्हणजे बिजागरीवर नळी खाली झुकवून, उघडते, तर २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चे चक्र (काडतुसे भरायचा फिरता भाग) बाजूला उघडते, पाहणीची पद्धत मात्र दोन्हींना सारखीच लागू पडते.

पहिली पायरी दुकानातच पार पाडावी. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून दूर ठेवून हत्यार उघडावे, चक्रातली काडतुसे बसण्याची सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत आणि नंतर करंगळीच्या टोकाने चाचपावीत. माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. समोरच्याने हत्यार रिकामे करून हातात दिले तरी ते पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय एक शब्द बोलत नसत, आणि त्यात समोरच्याचा अपमान होतो असे त्यांना कधी वाटले नाही. त्यानंतर हत्यारावर कोरलेला क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि परवान्यावर नोंदवायचा क्रमांक एकेक अक्षर बोटाखाली धरून जुळवावा. आपल्याकडचे कागद बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असतात. एखादा आकडा चुकीचा उतरला तर तो दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. नळीवर प्रूफ चाचणीची (जास्त दाबाच्या काडतुसाने घेतलेल्या मजबुतीच्या चाचणीची) मुद्रा आहे ना, हेही तेव्हाच पाहावे.

दुसरी पायरी घरी, बंद खोलीत, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून करावी. कारखान्याचे घट्ट ग्रीस पुसून काढावे, नळीतून कोरडी चिंधी फिरवावी आणि उजेडाकडे धरून आतल्या आट्यांवर ओरखडे किंवा डाग आहेत का ते न्याहाळावे. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, सरळ बसलेली असावी, मुठीचे स्क्रू सैल नसावेत, आणि मोडून उघडणाऱ्या हत्याराची वरची कडी बंद झाल्यावर नळी हाताने हलवली तरी सांध्यात खुळखुळ जाणवू नये.

आता खरी पारख चक्राची. घोडा अगदी सावकाश मागे ओढावा आणि घोडा पूर्ण मागे अडकण्यापूर्वी किंवा अडकताक्षणी चक्र जागेवर कुलूपबंद होते का, हे कानाने आणि बोटाने तपासावे. एका घराला जमले म्हणजे सहाही घरांना जमेलच असे नाही, म्हणून प्रत्येक घरासाठी हीच कृती करावी. चक्र जागेवर येण्याआधी घोडा पडला तर गोळी नळीच्या तोंडाशी नेमकी येत नाही आणि शिशाचे कण बाजूने उडतात. त्यानंतर चक्राचे पुढचे तोंड आणि नळीची मागची कड यांच्यातील फट मोजावी. साधारणपणे ०.१० ते ०.२० मिलिमीटरची फट योग्य मानतात. यासाठी वेगळे उपकरण शोधत बसावे लागत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये असते ते फट मोजायच्या पातळ पात्यांचे फिलर गेज पुरेसे आहे. चक्र आधी मागे दाबून आणि मग पुढे दाबून अशी दोन मापे घ्यावीत. त्यांतला फरक म्हणजे चक्राचा पुढे-मागे होणारा खेळ. हे आकडे तारखेसह वहीत लिहावेत, कारण वर्षभराने हत्यार झिजले की नाही हे तेच सांगतील. नुसत्या हाताच्या अंदाजाला मी अजिबात महत्त्व देत नाही.

चाप ओढायला किती जोर लागतो तो सामान मोजण्याच्या हुकाच्या काट्याने पाच-सहा वेळा मोजावा. आकडा किती येतो यापेक्षा तो दर वेळी जवळपास तोच येतो का, हे महत्त्वाचे. त्यासाठी घरांत नकली काडतुसे भरावीत. रिकाम्या घरांवर घोडा वारंवार आपटल्याने काडतुसावर आघात करणारी त्याची टोची तुटू शकते.

तिसरी पायरी परवानगी असलेल्या रेंजवरच, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, कानांवर आणि डोळ्यांवर संरक्षण घेऊन करावी. प्रथम एकच काडतूस भरावे, मग दोन, आणि दोन्ही वेळा सर्व सुरळीत झाले तरच सहा. पहिल्या दिवशी ३० फैरी पुरेत. प्रत्येक सहा फैरींनंतर रिकाम्या पुंगळ्या हातात घेऊन पाहाव्यात: टोपीवरचा (पुंगळीच्या बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या भागावरचा) खड्डा मधोमध आणि सारख्या खोलीचा आहे का, पुंगळी फुगली किंवा चिरली आहे का, ती घरातून सहज सुटली का. घोडा पडूनही बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडेच धरून निदान ३० सेकंद थांबावे. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर मात्र पुढची फैर कोणत्याही परिस्थितीत झाडू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फुटते. हत्यार रिकामे करून नळी आरपार दिसल्याशिवाय सराव पुन्हा सुरू करू नये.

आपल्या भागातली सर्वांत कठोर चाचणी पाऊस घेतो. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीपासून जांबोटीपर्यंतच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात भिंतींनाही बुरशी येते, तिथे पोलादाची काय कथा. चामड्याच्या म्यानात हत्यार कधीही साठवून ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. पातळ तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, ते कोरड्या कुलूपबंद पेटीत ठेवावे आणि पावसाळाभर दर आठ दिवसांनी पाहावे. तांबूस ठिपका प्रथम कुठे उमटला ते वहीत लिहावे. मुलामा कुठे पातळ आहे हे त्यावरून कळते.

खंडेनवमीची एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मामांच्या रिव्हॉल्व्हरला पूजेत ओले हळद-कुंकू लावले होते आणि दसऱ्याच्या धांदलीत ते चार दिवस तसेच राहिले. घोड्याच्या खाचेत कुंकवाचा लगदा सुकून बसला होता. दात घासायच्या ब्रशने तो काढला, तेव्हा खाली नखाएवढा गंजाचा चट्टा निघाला आणि तो अजूनही तसाच दिसतो. पूजा अवश्य करावी, पण कुंकू कोरडे वाहावे, गंध पेटीला लावावे आणि त्याच संध्याकाळी हत्यार पुसून तेल द्यावे.

निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर देण्यापूर्वी तेल द्यावे, पावतीवरचा क्रमांक जुळवावा आणि परत आल्यावर दुसरी पायरी नव्याने करावी. शिनोळीची किंवा कोगनोळीची महाराष्ट्राची हद्द ओलांडण्यापूर्वी परवान्यावरील क्षेत्राचा रकाना वाचावा; रोजच्या येण्याजाण्यात आपल्याला ती वेस जाणवत नाही, पण कायद्याला जाणवते.

फटीचे आणि खेळाचे माप वर्षातून दोनदा, मृग निघण्याच्या सुमारास आणि खंडेनवमीला, त्याच गेजने घ्यावे. आकडा पहिल्या नोंदीपेक्षा सलग दोन वेळा वाढलेला दिसला, तर फैरी थांबवाव्यात. अशा वेळी उद्यमबागेतला कारागीर कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे हत्यार देऊ नये, कारण शस्त्रदुरुस्तीला स्वतंत्र परवाना लागतो. ते दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे द्यावे आणि सोबत वहीतील मापांच्या पानाची प्रत जोडावी.