घर घेण्याआधी शाळेचा रस्ता चालून पाहा

बदलीमुळे किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांतील नोकरीमुळे नाशिकला येणारी कुटुंबे आधी घर ठरवतात, मग शाळा ठरवतात आणि या दोहोंमधला रस्ता मात्र शाळा सुरू होते त्या दिवशी पहिल्यांदा पाहतात. सोळा वर्षांपूर्वी परभणीहून आलो तेव्हा आम्हीही तेच केले होते. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी सर्वप्रथम एवढेच विचारतो, की घर आणि शाळा मुंबई-आग्रा महामार्गाच्या एकाच बाजूला आहेत ना?

हा महामार्ग शहराच्या मधून जातो. वर उड्डाणपूल आहे, तेव्हा खाली फारशी वर्दळ नसेल, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात द्वारका आणि मुंबई नाक्यावर चहूबाजूंची वाहने पुलाखालीच एकत्र येतात, आणि गोविंदनगरकडून इंदिरानगरला जाताना लागणाऱ्या बोगद्यात सकाळी दुचाकी, रिक्षा, मोटारी आणि पायी चालणारी मुले एकाच तोंडातून आत शिरू पाहतात. सर्व्हिस रोडवर तर लांबचा वळसा टाळण्यासाठी उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार रोजचेच झाले आहेत. त्यामुळे एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे पाहूनच पाऊल टाकायचे, हे मुलांना पुस्तकातल्या नियमाआधी शिकवावे लागते.

वेळेचाही विचार करावा. कारखान्यांची पहिली पाळी सकाळी सातच्या सुमारास सुरू होते आणि मोठ्या मुलांच्या सकाळच्या शाळाही त्याच सुमारास भरतात. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी पुरते उजाडलेले नसते, शिवाय गोदावरीच्या बाजूला धुके असते. दप्तरावर चमकणारी पट्टी शिवून घेतल्यास उपयोग होतो. राज्य शासनाच्या 2024 च्या निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. निर्णय चांगलाच आहे, पण त्यामुळे थोरली ताई धाकट्याचा हात धरून नेईल, हा हिशेब अनेक घरांत जुळत नाही आणि धाकट्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

रिक्षा किंवा व्हॅन लावताना भाड्याइतकीच चौकशी मुलांना कोणत्या बाजूला उतरवणार याची करावी. माझ्या मुलीला पहिल्या वर्षी रिक्षावाले काका घरासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे उतरवत. एके दिवशी ती रिक्षाच्या मागून धावत निघाली आणि समोरून आलेल्या दुचाकीस्वाराने वेळीच ब्रेक लावला म्हणून केवळ गुडघ्यावर निभावले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जागा बदलून घेतली. काकांना तीन मिनिटे जास्त लागू लागली, एवढेच.

स्वतःच्या दुचाकीवरून सोडत असाल तर चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकासाठी फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेटसोबत सुरक्षा पट्टा आवश्यक असून वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. शाळा तर दोन गल्ल्या सोडून आहे, ही सबब मीही सांगितलेली आहे.

नववी-दहावीच्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या शिकवण्यांना जाण्यासाठी ती घरची स्कूटर मागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मुलाला हा शेवटचा भाग आवर्जून सांगावा. दंडापेक्षा त्याचाच परिणाम अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात रस्ते खोदले जात असल्याने गेल्या महिन्यातील सुरक्षित वाट या महिन्यात तशीच राहिलेली असेल असे नाही. म्हणून रविवारच्या निवांत दुपारी नव्हे, तर शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला मुलाला सोबत घेऊन ती वाट एकदा पायी चालावी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा.